आईला पहिल्यांदा समुद्र दाखवायचाय : नेमकं कधी जावं?

सांजवारा
नमस्कार मंडळी. आई बहात्तर वर्षांची आहे. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, लग्नानंतर सगळं आयुष्य वर्ध्यात गेलं. बाबा होते तोवर "पुढच्या वर्षी कोकणात जाऊ" असं दर उन्हाळ्यात ठरायचं आणि राहून जायचं. आता बाबा नाहीत आणि आई आमच्याकडे पुण्याला असते. परवा टीव्हीवर समुद्र दिसला तेव्हा म्हणाली, "ते पाणी खरंच एवढं खारट असते का गं?" तेव्हाच ठरवलं की आता पुढच्या वर्षावर टाकायचं नाही.

आम्ही चौघं आहोत : मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि आई. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन सावकाश चालते. वर्ध्याचा ४५ अंशांचा उन्हाळा तिने कूलरवर काढलाय, पण गेल्या मे महिन्यात पनवेलला एका लग्नाला गेलो तर दमट हवेने दोन तासांत चक्कर आली. म्हणजे कोरडं ऊन सोसतं, घाम सोसत नाही.

जिथे शोधावं तिथे "ऑक्टोबर ते मार्च" एवढंच लिहिलेलं सापडतं. हे तर अर्धं वर्ष झालं! त्यातले कोणते दिवस धरायचे? तिला पोहायचं नाही, बोटीत बसायचं नाही. संध्याकाळी पाण्याजवळ शांत बसायचंय, जमलं तर चार पावलं चालायचंय. मुलाला मात्र पाण्यात खेळायचंय. पुण्याहून गाडीने जाऊ. स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

माडपोफळी
मी मालवणचा. आधी ऑक्टोबरबद्दल बोलतो, कारण लोक तिथेच फसतात. पाऊस गेला की मोसम सुरू असं वाटतं, पण ऑक्टोबरात आमच्याकडे वारा पडतो. आभाळ निरभ्र, जमीन अजून ओली, ऊन कडक, त्यामुळे अंगाला चिकचिक होते ती मे महिन्यासारखीच. समुद्राचं पाणीही अजून गढूळ असतं. आणि पाऊस गेला म्हणजे वादळं संपली असंही नाही. आपल्या समुद्रात वादळाचे दोन हंगाम असतात, एक पावसाआधी आणि एक पावसानंतर. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं होतं, क्यार ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर. क्यार किनाऱ्यावर आलं नाही, दुरूनच गेलं, तरी आमच्याकडे पाणी आत शिरलं आणि कापणीला आलेलं भात आडवं झालं.

काकूंना दमट हवा सोसत नाही म्हणता, तर ऑक्टोबर नको. तुमका खरा सांगतंय, नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडल्याशिवाय त्यांका घेऊन येऊ नकात. तोपर्यंत उत्तरेचा वारा लागतो आणि पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते.

आजोळ_गुहागर
मी मे महिन्याच्या बाजूने लिहिते, कारण इथे मेचं नाव काढलं की सगळे नको म्हणतात. ज्यांची मुलं शाळेत आहेत आणि ज्यांना रजा एकदाच मिळते त्यांनी काय करायचं? आम्ही लहानपणी प्रत्येक मे आजोळी काढला. हापूस, फणस, काजूचे बोंडू, करवंदं, जांभळं, ताडगोळे हे सगळं एका महिन्यात खायला मिळतं. थंडीत कोकणात जाणाऱ्याला ती चव कधी कळत नाही.

फक्त दिवस वेगळ्या पद्धतीने लावावा लागतो. सकाळी सहा ते साडेआठ समुद्रावर, मग थेट पाच वाजल्यानंतर. मधले तास आजी आम्हाला माजघरात डांबून ठेवायची, तिथे शेणाने सारवलेली जमीन गार असायची. आताच्या खोल्यांत एसी असतो, पण वीज गेली की हाल. शिवाय महिन्याचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा यांत फरक आहे. वीस तारखेनंतर समुद्र फुगायला लागतो, पाणी काळपट होतं, होड्या वर ओढायची तयारी सुरू होते. त्याच सुमारास वाळूत डांबराच्या गोळ्या येऊन पडतात. दूर समुद्रात जहाजांतून सांडलेल्या तेलाच्या त्या घट्ट झालेल्या गुठळ्या असतात आणि पायाला चिकटल्या की साबणाने निघत नाहीत, खोबरेल चोळावं लागतं. २०२१ चं तौक्ते वादळही मेच्या मध्यालाच आलं होतं.

तुमच्या आईंसाठी मे नकोच, हे मलाही पटतं. पण मुलाला एखाद्या मे महिन्यात आंब्याच्या बागेत जरूर न्या.

हिरवी_वाट
मी दर वर्षी जुलैत जातो. गर्दी नाही, खोल्यांचे दर निम्म्यावर, आणि ताम्हिणीपासून पुढे हिरव्या रंगाशिवाय काही दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर फुलं येतात. एरवी तो कातळ उघडाबोडका असतो, त्या तीन-चार आठवड्यांत त्यावर जांभळी, पिवळी, पांढरी नक्षी उमटते. रत्नदुर्गावरून खवळलेला समुद्र पाहिला त्या दिवसापासून मला शांत समुद्र अपुरा वाटतो. आईंना पाण्यात जायचंच नाहीये, तर पावसाळ्याचा विचार का नको?

खाडीकाठ
@हिरवी_वाट, पावसाळ्यातलं कोकण सुंदर असतं, नाही कोण म्हणतो. पण इथे सोबत आठ वर्षांचं मूल आहे आणि समोर पाणी आहे.

आमचं घर मासेमारीचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते. एक कारण माशांच्या विणीचं आणि दुसरं समुद्राचं. ज्यांचा जन्म होडीत गेला ते लोक दोन महिने जाळी विणत घरी बसतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय आमचे म्हातारे अजून होडी लोटत नाहीत. मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि मुरूडला जंजिऱ्याची होडी मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होते ती ऑगस्ट संपेपर्यंत. आणि त्याच दिवसांत शहरातून आलेली पोरं छातीभर पाण्यात उड्या मारताना दिसतात. आम्ही ओरडतो, ते हात हलवून दाखवतात.

मासे खायला येणाऱ्यांसाठीही सांगतो. जून-जुलैत ताज्या पापलेट-सुरमईची अपेक्षा धरू नका. तेव्हा सुकट, बोंबील आणि खाडीतलं जे मिळेल ते. ऑगस्टात बोटी निघाल्या की खरी आवक सुरू होते.

दुपारची_उन्हं
हे लिहावं की नाही यावर बराच वेळ विचार केला. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही अकरा जण जुलैत एका किनाऱ्यावर गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा दोष नव्हता. पाऊस थांबला होता, ऊन पडलं होतं. लाटा फुटत होत्या त्यांच्या मधोमध एक पट्टा अगदी सपाट, शांत दिसत होता. आमच्यातल्या दोघांना वाटलं तिथेच उतरावं, तिथे लाटा नाहीत. त्यातला एक परत आला.

नंतर एका जीवरक्षकाने समजावलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि त्या सपाट दिसणाऱ्या पट्ट्यातूनच जोरात आत जातं. माणूस किनाऱ्याकडे पोहत राहतो, दमतो आणि बुडतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जायचं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, बाहेर पडता येतं. आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं. पोहणं त्याला उत्तम येत होतं.

समुद्र दुरून पाहायला पावसाळ्यात खुशाल जा. पण मुलगा सोबत असेल तर तो "फक्त पाय भिजवतो" म्हणेल आणि तुम्ही नाही म्हणू शकणार नाही. तेवढ्यासाठी ते महिने टाळा.

हिरवी_वाट
@दुपारची_उन्हं, वाचून सुन्न झालो. माझी सूचना मागे घेतो. मी एकटा जातो आणि उंचावरूनच बघतो, लहान मुलाच्या दृष्टीने विचारच केला नव्हता.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. @दुपारची_उन्हं, तुमचं लिहिणं नवऱ्याला वाचून दाखवलं. पावसाळा रद्द, ऑक्टोबर रद्द, मे रद्द. उरले नोव्हेंबरअखेर ते मार्च. नाताळच्या सुट्टीत मुलाची शाळा बुडणार नाही, तेव्हा जावं का?

वेळासची_पहाट
नाताळचा आठवडा टाळा हो. हवा उत्तम असते, पण २४ डिसेंबर ते १ जानेवारी अलिबागपासून तारकर्लीपर्यंत खोली मिळत नाही, मिळाली तर दर दुप्पट-तिप्पट. किनाऱ्यावर घोडागाड्या, चारचाकी बाइक, रात्री उशिरापर्यंत डीजे. ज्या आईंना शांत बसायचंय त्यांना तिथे काय मिळणार? तिसरीतल्या मुलाचे दोन दिवस बुडाले तर काही बिघडत नाही. मी स्वतः शिक्षिका आहे, तरी हे सांगते.

थोडं थांबता येणार असेल तर फेब्रुवारी-मार्चही बघा. तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जातात. माद्या थंडीत वाळूत अंडी घालून जातात, साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं, आता आंजर्ल्यासह बऱ्याच गावांत घरटी जपली जातात. सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी घरट्यावर झाकलेली टोपली उघडतात. पिल्लं निघतीलच याची खात्री नसते, मी दोनदा रिकाम्या हाताने परतले. तिसऱ्या वेळी तळहाताएवढी सतरा पिल्लं वाळूवर आपापली रेघ ओढत गेली. त्या रेघा बघताना माझ्या वर्गातली मुलं, एरवी एक मिनिट गप्प न बसणारी, एक अक्षर बोलली नाहीत.

पण वेळासला गाव ते किनारा बरंच चालणं आहे आणि राहण्याची सोय गावातल्या घरांतून. गुडघेदुखीच्या माणसाला ते अवघड जाईल.

चोलमंडल_मराठी
थोडं वेगळं, पण इतर वाचकांच्या उपयोगाचं. मी बारा वर्षं चेन्नईत राहते. पुण्या-मुंबईचे नातेवाईक "आता समुद्राचा सीझन सुरू झाला" म्हणून नोव्हेंबरात पुदुच्चेरीचं आरक्षण करतात आणि तीन दिवस खोलीत बसून पाऊस बघतात. तामिळनाडूच्या किनाऱ्याचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. इकडे यायचं तर जानेवारी ते मार्च. अंदमानचं अजून निराळं, नैऋत्य मोसमी पाऊस देशात सर्वांत आधी, मे महिन्यातच, तिथे पोहोचतो. कोकणचं कॅलेंडर उचलून दुसऱ्या किनाऱ्याला लावू नका.

खाडीकाठ
@सांजवारा ताई, महिना तर ठरत आला. आता तारीख मला ठरवू द्या. शहरातली माणसं महिना बघतात, शनिवार-रविवार बघतात, पण तिथी बघत नाहीत. तुमच्या आईला वाळूवर चालायचं असेल तर तिथी सगळ्यांत महत्त्वाची.

आमच्याकडे भरती पंचांगावरून काढतात. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. ठिकाणाप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला आमच्या आजोबांना एवढं पुरत होतं.

आता बघा. अष्टमीच्या सुमाराला गेलात तर संध्याकाळी सहाला भरती. ओली वाळू पाण्याखाली जाते, उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. त्यात तरण्या माणसाचा पाय रुततो, काठी घेऊन चालणाऱ्या बाईला दहा पावलंही जाता येणार नाहीत. उलट पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वापाच-साडेपाचला ओहोटी. पाणी खूप आत गेलेलं, मागे ओली, घट्ट, सपाट वाळू मैदानासारखी पसरलेली. काठीचं टोकसुद्धा रुतत नाही. सकाळीही तसंच, साडेपाच-सहाला ओहोटी, म्हणजे उजाडल्यावर फिरायला तीच वाळू मिळते.

पौर्णिमेचा आणखी एक लाभ. समोर सूर्य बुडत असतो तेव्हाच पाठीमागे माडांतून चंद्र वर येत असतो. महिन्यातून एकदाच हे असं जुळतं.

मार्गशीर्षातली पौर्णिमा धरा. दत्तजयंती यंदा गुरुवारी येते, म्हणजे गर्दीही नाही.

गुडघेवाली_ताई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. खाडीकाठ दादांनी सांगितलेलं शंभर टक्के खरं आहे. कोरड्या वाळूत प्रत्येक पाऊल खचतं, तोल सावरायला गुडघा आणि घोटा दोन्हींवर ताण येतो. ओल्या घट्ट वाळूवर चालणं फरसबंद रस्त्यापेक्षाही मऊ पडतं. दोन गोष्टी सांभाळा. उतरता किनारा निवडू नका, कारण पाण्याला समांतर चाललं तरी एक पाय सतत खाली पडतो. काशीद दिसायला सुंदर आहे, गणपतीपुळे तर देवस्थान, पण दोन्हीकडे उतार आहे आणि पाणी लगेच खोल होतं. दिवेआगर, दापोलीकडची मुरूड-कर्दे ही तुलनेने सपाट. दुसरं म्हणजे खोली तळमजल्यावर आणि कमोड असलेली आहे ना, हे फोनवर स्पष्ट विचारा. आणि घरून एक हातांची प्लास्टिकची खुर्ची गाडीत टाका. वाळूत खाली बसलेल्या माणसाला उठवणं हे सगळ्यांत अवघड काम असतं.

आजोळ_गुहागर
पण पौर्णिमेला उधाण असतं ना? आम्हाला लहानपणी पौर्णिमा-अमावास्येला पाण्यात जाऊ देत नसत. मुलाचं काय?

खाडीकाठ
बरोबर विचारलंत. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, म्हणून ओढही जास्त. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, ती मंद असते. म्हणून मुलाला संध्याकाळच्या ओहोटीत कमरेएवढ्या पाण्यात अजिबात सोडू नका, तेव्हा पाणी माणसाला आत नेतं. त्याचं पाण्यातलं खेळणं सकाळी साडेआठ ते साडेदहा. तेव्हा भरती चढत असते, लाट माणसाला किनाऱ्याकडे ढकलते. थंडीत सकाळचा समुद्र तळ्यासारखा असतो, कारण तोवर मतलई वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असतो. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात. तरीही गुडघाभर पाणी आणि बापाचा हात, यापलीकडे नको. संध्याकाळी त्याला वाळूत किल्ला करू दे.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला मैदान दिसतं म्हणून लोक नेतात, चाक रुततं, पाणी परत येतं. दर वर्षी ट्रॅक्टर आणून ओढाव्या लागतात.

माडपोफळी
पुण्याहून काकूंना इतक्या लांब मालवणला आणू नका, दिवेआगरच बरं. ताम्हिणी-माणगाव-म्हसळा असा रस्ता आहे. तारकर्लीचं निळं पाणी आणि सकाळची रापण पुढच्या खेपेला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही टोकांना वीस-पंचवीस माणसं दोर धरून मागे सरकत येतात. बघणारा पाहुणाही दोराला हात लावतो आणि त्याला मूठभर मासे मिळतात.

वेळासची_पहाट
दिवेआगरला जाल तर हरिहरेश्वर जवळ आहे. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला चिकटून जातो, आईंना गाडीत बसून बघता येईल. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र खडकांतून, पाण्यालगत आहे. ती फक्त ओहोटीला करायची असते, भरतीला तिथून लाटेने माणसं ओढून नेली आहेत. आईंनी देवळातच थांबावं.

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात त्या पट्ट्यातल्या पोफळीच्या आणि माडांच्या बागा काही तासांत झोपल्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. वाड्यांतून फिरताना उंच जुन्या झाडांमध्ये कमी उंचीची झाडं दिसली तर ती त्यानंतरची. शक्यतो अशा वाडीत राहा, ज्यांनी पुन्हा लावणी केली त्यांच्या घरी जेवा.

सांजवारा
ठरलं. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी निघतोय, तीन रात्री, दिवेआगर. तळमजला आणि कमोड विचारून घेतलं. खुर्ची गाडीत बसते की नाही हेही बघून झालं. शाळेला खरं कारण लिहून पाठवलं, "आजीला समुद्र दाखवायचा आहे." बाईंनी लगेच परवानगी दिली.

सांजवारा
परत आलो. आल्या आल्या लिहायचं होतं पण दोन दिवस कपड्यांतून वाळू काढण्यात गेले.

पहिल्या दिवशी ताम्हिणीत थांबत-थांबत पोहोचायला चार वाजले. मला वाटलं आई दमली असेल, उद्या नेऊ. ती म्हणाली, "एवढ्या दूर आली ते खाटेवर पडाले का?" सुरूच्या बनातून किनाऱ्याला जायला पायवाट आहे, तिथली शंभरेक पावलं भुसभुशीत होती. ती मात्र नवऱ्याचा खांदा आणि काठी धरून कष्टाने गेली. पुढे ओली वाळू लागली आणि खाडीकाठ दादा, तुम्ही म्हणालात तसंच झालं. काठी टेकवली, रुतली नाही. तिने काठीने दोनदा ठोकून बघितलं, जसं घरच्या फरशीवर ठोकते, आणि माझा हात सोडून चालायला लागली.

पाणी खूप आत होतं. खुर्ची घेऊन नवरा मागून येत होता, पण ती बसायला तयार नव्हती. पाण्याच्या कडेला उभी राहिली. पहिली लाट पायावर आली आणि परत जाताना टाचेखालची वाळू घेऊन गेली तशी ती घाबरली, "मी घसरून राहिली का गं?" मी म्हटलं, तू नाही, वाळू सरकतेय. मग दुसऱ्या लाटेला तिने मुद्दाम पाय घट्ट रोवले. वाकता येत नाही म्हणून मुलाने ओंजळीत पाणी आणलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. तोंड वाकडं केलं, आणि मग पुन्हा एकदा लावलं.

दत्तजयंतीच्या संध्याकाळी सूर्य समोर, आणि मुलगा ओरडला, "आजी, मागे बघ!" माडांच्या मागून तांबूस चंद्र येत होता. नवऱ्याने खुर्ची अर्धी वळवून दिली, म्हणजे मान न वळवता तिला दोन्हीकडे बघता यावं. अंधार पडल्यावर थंड वारा सुटला, शाल न्यायला हवी होती. हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून पुढच्यांसाठी लिहिते : डिसेंबरात दुपारी सुती कपडे चालतात, पण रात्री किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसांना शाल आणि कानटोपी हवीच.

दमटपणाचा त्रास शून्य. दुपारी अकरा ते साडेतीन खोलीत, बाकी वेळ बाहेर. मुलाचं खेळणं सकाळी, ठरल्याप्रमाणे गुडघाभर पाण्यात. शनिवारी निघालो तेव्हा मात्र किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली होती, म्हणजे मधले वार निवडले ते फार बरं झालं. ज्यांच्याकडे राहिलो त्यांच्या वाडीत उंच आणि बुटक्या पोफळी शेजारी-शेजारी होत्या. आईने त्या काकूंना विचारून एक-एक झाड बघितलं. वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक जेवलो. जानेवारीत या, शेंगा भरल्या की मडक्यात भाजून पोपटी लावू, असं त्या म्हणाल्या.

एका बाटलीत आईने समुद्राचं पाणी भरून आणलंय, वर्ध्याच्या शेजारणीला चाखायला देण्यासाठी.

खाडीकाठ
ताई, बाटलीचं झाकण सैल ठेवा, नाहीतर चार दिवसांत वास धरेल. आईंना नमस्कार सांगा.

सांजवारा
सांगितला. तिने उलट विचारलंय की पुढची पौर्णिमा मधल्या वारी कधी येते. पंचांग आता तिच्या उशाशी असतं. @माडपोफळी, माघ-फाल्गुनात मालवणला आणायचं म्हटलं तर रेल्वेने जमेल का? गाडीत एवढा वेळ बसणं तिला नाही झेपणार.

माडपोफळी
जमेल की. कुडाळला उतरा, तिथून मालवण तासाभराचं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, खालचा बर्थ मागा. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. ती दर वर्षी देवीचा कौल घेऊन ठरते आणि त्या आठवड्यात गाडीत, खोलीत कुठेच जागा नसते. शिमग्यातही घरोघरी पालखीची गडबड. त्या दोन्हींच्या मधले दिवस मी बघून ठेवतंय. काकूंका सांगा, रापणीचो दोर धरूक हात मोकळे ठेवा.